विश्लेषण : रोज चालणारे ज्येष्ठही का पडतात? ताई-चीच्या अभ्यासातून गडहिंग्लजने काय घ्यावे?

पहाटे गडहिंग्लजच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर उभे राहिले, तर कानटोपी घालून, हातात काठी किंवा छत्री घेऊन फिरायला निघालेले ज्येष्ठ दिसतात. ‘रोज चार किलोमीटर चालतो, मला काही होत नाही,’ हे वाक्य कट्ट्यावर हमखास ऐकू येते. मग पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी त्यांच्यातलेच एक जण येत नाहीत. चौकशी केल्यावर कळते की न्हाणीतून बाहेर येताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. चालण्याची सवय असलेल्या माणसाचा तोल घरातल्या घरात कसा जातो? आणि चीनमधली ताई-ची ही संथ व्यायामपद्धती यावर खरोखर उपयोगी आहे का? गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने या दोन्ही प्रश्नांची बरीच स्पष्ट उत्तरे दिली आहेत.

पडणे हा एवढा मोठा प्रश्न आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. उपचाराची गरज पडावी असे पडणे वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडते. मृत्यूंचे प्रमाण साठीनंतरच्या वयोगटात सर्वाधिक आहे.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. ते सातत्याने वाढत आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात तर या आकड्याला आणखी एक पदर आहे. इथल्या कित्येक घरांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. १९८२च्या संपानंतर गावी परतलेली ती पिढी आज सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांची मुले-नातवंडे पुणे-मुंबईत आहेत. घरात दोघेच, किंवा एकटी आजी. अशा घरात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे केवळ शस्त्रक्रियेचा खर्च नव्हे. कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचे, कोणीतरी रजा काढून गावी यायचे, पुढचे दोन-तीन महिने कोणीतरी सोबत राहायचे. परदेशांतील अभ्यासांत खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण २० ते ३० टक्के जण वर्षभरात दगावल्याचे दिसते. जे वाचतात, त्यातील अनेकांना पहिल्यासारखे चालता येत नाही.

हाड मोडले नाही तरी नुकसान होतेच. एकदा पडलेला माणूस घाबरतो. बाहेर पडणे कमी करतो, बसून राहतो. बसून राहिल्याने पायांतील ताकद कमी होते आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. घरच्यांचे ‘तुम्ही उठू नका, आम्ही देतो’ हे प्रेमाचे वाक्यही या चक्रात भरच घालते.

तोल नेमका कशावर टिकतो?

उभे राहणे आपल्याला सोपे वाटते, कारण ते आपल्या नकळत चालू असते. त्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून सतत माहिती मिळत असते. डोळे आजूबाजूचे जग सरळ आहे की तिरके ते सांगतात. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय डोके कोणत्या दिशेला हलले ते सांगते. तळपाय, घोटे आणि गुडघे जमीन कशी आहे, वजन कोणत्या पायावर आहे ते सांगतात. मेंदू हे सगळे जुळवतो आणि घोटा, मांडी, कंबर यांच्या स्नायूंना क्षणार्धात आज्ञा देतो.

वयानुसार ही साखळी अनेक ठिकाणी सैल होते. मोतीबिंदूने दृष्टी मंदावते. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात. झोपेच्या गोळ्यांनी प्रतिसाद संथ होतो. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे अंथरुणातून एकदम उठल्यावर चक्कर येते. मांडीचे स्नायू आटतात. यातील एखादी कडी कच्ची असेल तर बाकीच्या तिला सांभाळून घेतात. पण रात्री वीज गेलेली असते, डोळ्यांची मदत संपते, तळपाय आधीच बधिर असतात आणि मध्ये उंबरा येतो. अशा वेळी सांभाळून घ्यायला काही उरत नाही.

माणसे नेमकी कशी पडतात, याचा एक महत्त्वाचा अभ्यास कॅनडात झाला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील दोन वृद्धनिवासांत सामायिक जागांमध्ये कॅमेरे बसवून १३० जणांच्या २२७ पडण्यांचे चित्रण तपासण्यात आले. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वाधिक, म्हणजे ४१ टक्के वेळा कारण होते शरीराचे वजन चुकीच्या रीतीने एका बाजूकडून दुसरीकडे नेणे. ठेच लागून किंवा अडखळून पडण्याचे प्रमाण २१ टक्के होते. निव्वळ पाय घसरणे फारच कमी होते. ओल्या न्हाणीला आणि शेवाळलेल्या अंगणाला हे प्रमाण जसेच्या तसे लागू होणार नाही. पण ‘घसरलो’ असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा त्याआधीच वजन चुकीच्या पायावर गेलेले असते, ही गोष्ट त्यातून लक्षात येते.

मग रोजच्या चालण्याचा उपयोग नाही का?

उपयोग आहे, पण वेगळा. चालण्याने हृदय, रक्तदाब, रक्तातील साखर, झोप आणि मन यांना फायदा होतो. सकाळची फेरी बंद करण्याचे काहीच कारण नाही. मात्र सपाट डांबरी रस्त्यावर सरळ चालताना तोलाची फारशी परीक्षा होत नाही. घरात तोल जातो तो वळताना, वाकून बादली उचलताना, कपाटाच्या वरच्या फळीकडे हात नेताना, एसटीची उंच पायरी चढताना किंवा कोणीतरी हाक मारली म्हणून मागे पाहताना. या हालचालींचा सराव चार किलोमीटर चालूनही होत नाही.

केवळ चालण्याच्या कार्यक्रमांमुळे पडणे कमी होते, असा ठोस पुरावा संशोधनात मिळालेला नाही. ब्रिटनमधील १९९७ सालच्या एका अभ्यासात हाताचे हाड मोडून गेलेल्या स्त्रियांना भरभर चालण्याचा सल्ला देण्यात आला होता. त्यांच्यात पडण्याचे प्रमाण उलट जास्त आढळले. म्हणजे ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे, त्यांना ‘जरा जास्त चाला’ एवढाच सल्ला देणे पुरेसे नाही. कधी तो धोक्याचाही ठरू शकतो.

ताई-ची म्हणजे काय?

ताई-ची ही मूळची चिनी युद्धकला. तिचा उगम साधारणपणे सतराव्या शतकातील हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावाशी जोडला जातो. पुढे तिच्या यांग, वू, सुन अशा शाखा झाल्या. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा विभागाने सर्वसामान्यांसाठी २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. बागांमध्ये समूहाने संथपणे हात-पाय हलवणाऱ्या चिनी ज्येष्ठांचे चित्र आपल्या ओळखीचे झाले, त्यामागे हा क्रम आहे. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई-चीचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

दिसायला ती नृत्यासारखी वाटते. पण बारकाईने पाहिले तर त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. गुडघे किंचित वाकवून शरीराचे सगळे वजन सावकाश एका पायावर न्यायचे, दुसरा पाय मोकळा करायचा, तो पुढे, मागे किंवा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा वजन त्यावर न्यायचे. सोबत धड वळते, हात फिरतात, नजर हाताबरोबर जाते. कॅनडातील कॅमेऱ्यांनी जी चूक टिपली, नेमका तिचाच हा सराव आहे. संथपणामुळे तो सोपा होत नाही, उलट अवघड होतो. सायकल हळू चालवताना तोल सांभाळणे कठीण जाते, तसेच.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरीपुढच्या २०० जणांवर झालेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा आठवडे ताई-ची शिकलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाला. ओरेगन राज्यात ७० ते ९२ वयाच्या २५६ जणांचा अभ्यास २००५ मध्ये आला. सहा महिने, आठवड्यातून तीन वेळा ताई-ची करणारा गट ३८ वेळा पडला, तर फक्त ताण देण्याचे व्यायाम करणारा गट ७३ वेळा.

खरी कसोटी पुढे लागली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७० ज्येष्ठ होते. सगळे सत्तरीपुढचे आणि आधी पडलेले किंवा चालण्यात अडचण असलेले. त्यांचे तीन गट करण्यात आले. तोलासाठी खास बेतलेली ताई-ची करणारा गट ताण देण्याच्या व्यायामगटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी पडला. ताकद, तोल आणि चालणे असा मिश्र व्यायाम करणाऱ्या गटापेक्षाही त्याचे पडणे ३१ टक्क्यांनी कमी होते. कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या २०१२च्या अभ्यासातही ताई-चीने तोल सुधारल्याचे दिसले होते.

सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, तर चित्र थोडे संयत होते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. कोणत्याही योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी, तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने २४ टक्क्यांनी, तर ताई-चीने १९ टक्क्यांनी घटले. तोल आणि ताकद दोन्हींचा मेळ घालणाऱ्या कार्यक्रमांत ही घट ३४ टक्क्यांपर्यंत दिसली.

म्हणजे ताई-ची हा जादूचा उपाय आहे का?

नाही. नेदरलँड्समधील २६९ जणांच्या २००९च्या अभ्यासात ताई-चीने पडणे कमी झाल्याचे आढळले नाही. बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांत, चांगले शिक्षक आणि सुरक्षित सभागृहे असलेल्या ठिकाणी झाले आहेत. पडणे कमी झाले तरी हाड मोडणे किती कमी होते, याचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. ज्याला उठल्यावर चक्कर येते, ज्याची दृष्टी गेली आहे किंवा जो चार-पाच औषधे एकत्र घेतो, त्याच्यासाठी आधी डॉक्टरांकडून औषधे आणि डोळे तपासून घेणे गरजेचे आहे.

या सगळ्यातून हाती येते ते ताई-चीच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. उपयोगी ठरलेल्या व्यायामांत तीन गोष्टी समान दिसतात. व्यायाम उभ्याने केला जातो. त्यात तोलाला थोडे आव्हान असते आणि ते हळूहळू वाढवले जाते. आणि तो दोन-चार दिवस नव्हे, तर महिनोन्‌महिने चालू राहतो. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात तोलाला आव्हान देणारा आणि आठवड्याला तीन तासांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलेले दिसले. खुर्चीवर बसून हात हलवण्याने हे साधत नाही.

योगासने, पावली, फुगडी यांचे काय?

पुण्यातून जगभर गेलेल्या अय्यंगार पद्धतीच्या योगाचा ऑस्ट्रेलियात ५४ ज्येष्ठांवर छोटा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बारा आठवड्यांनी तोल आणि हालचाल सुधारली होती. मात्र योगामुळे पडणे कमी होते, असे म्हणण्याइतका पुरावा ताई-चीएवढा जमलेला नाही. आपल्याकडील सकाळच्या वर्गांत प्राणायाम आणि बसून किंवा झोपून करायची आसने जास्त असतात. ती चांगलीच आहेत, पण तोलाचा सराव ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन अशा उभ्याच्या आसनांतून होतो. ज्येष्ठांनी ती भिंतीला किंवा खुर्चीला धरून करायला हवीत.

भजनात वारकरी पावली खेळतात, त्यातही एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणे, पुढे-मागे पाऊल टाकणे, वळणे हे सगळे असते, तेही टाळाच्या ठेक्यावर. तालमीतल्या जुन्या पैलवानाचा गुडघे वाकवलेला पवित्रा ताई-चीच्या उभे राहण्यापेक्षा फार वेगळा नाही. या गोष्टींवर ताई-चीसारख्या चाचण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना औषध म्हणता येणार नाही. पण लोकांना अनोळखी चिनी नावापेक्षा ओळखीचा ठेका लवकर पचनी पडतो आणि जो व्यायाम वर्षभर टिकतो तोच कामाचा. सत्तरीनंतर फुगडी मात्र नको. वेगाने गोल फिरल्यावर चक्कर येण्याचा धोका त्यात अधिक आहे.

गडहिंग्लजसारख्या ठिकाणी हे कसे जमेल?

ताई-चीचा अनुभवी शिक्षक तालुक्याच्या गावी सहज मिळेल असे नाही. त्यावर न्यूझीलंडने एक मार्ग दाखवला आहे. तिथल्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा तोल आणि ताकदीचा कार्यक्रम तयार झाला. चार चाचण्यांतील १,०१६ जणांची माहिती एकत्र केल्यावर पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्यातील एका चाचणीत हा कार्यक्रम प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने पंचाहत्तरीपुढच्या लोकांना घरी जाऊन शिकवला होता. तिथेही पडणे ४६ टक्क्यांनी घटले. म्हणजे यासाठी गुरू हवाच असे नाही, नीट शिकवलेली आरोग्य सेविका पुरते.

आपल्याकडे ही माणसे आहेत. गावोगावच्या उपकेंद्रांचे रूपांतर आयुष्मान आरोग्य मंदिरांत झाले आहे आणि त्यांच्या बारा सेवांच्या यादीत ज्येष्ठांची काळजी ही एक सेवा आहे. समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका आणि आशा ताई घराघरांशी जोडलेल्या आहेत. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. शिवाय हे फुटबॉलचे गाव आहे. एका पायावर सगळे वजन पेलून दुसऱ्या पायाने चेंडू मारणे म्हणजे काय, हे एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर वाढलेल्या कित्येक पिढ्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. त्यातील जुन्या खेळाडूंनी आणि स्थानिक फिजिओथेरपिस्टनी मनावर घेतले, तर सकाळच्या फेरीनंतरची वीस मिनिटे तोलाच्या सरावासाठी सहज काढता येतील.

सरकारी योजना याला हातभार लावतात का?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तू घेता येतात. शासन निर्णयात योगोपचार केंद्रांचाही उल्लेख आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण दिले. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे.

या तिन्ही योजना गरजेच्या आहेत. पण क्रम पाहिला तर एक पोकळी दिसते. तोल गेल्यावर काठी मिळते, हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया मिळते, प्रवास मोफत आहे पण एसटीची पहिली पायरी तेवढीच उंच आहे. तोल जाऊ नये म्हणून करायचा खर्च यांच्या तुलनेत किरकोळ आहे. एक सभागृह, काही भक्कम खुर्च्या, आठवड्यातून तीन दिवस तासभर वेळ देणारा प्रशिक्षित माणूस आणि हजेरीची वही. वयोश्रीतील योगोपचाराचा उल्लेख कागदावरून गावच्या सभागृहात आणायचा असेल, तर त्याची सुरुवात इथून करता येईल.

घरी काय तपासावे आणि काय करावे?

ज्येष्ठांसाठीच्या २०२२च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तीन साधे प्रश्न सुचवले आहेत. गेल्या वर्षभरात तुम्ही पडलात का? उभे असताना किंवा चालताना डगमगल्यासारखे वाटते का? पडण्याची भीती वाटते का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी. घरी करण्यासारखी एक चाचणी अशी : खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

सुरुवातीचा सराव स्वयंपाकघरातील ओट्याला धरून करता येतो. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. पाय थोडे फाकवून वजन सावकाश एका पायावर, मग दुसऱ्यावर नेणे. ओट्याच्या कडेने बाजूला पावले टाकणे. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे ठेवून रेषेवर चालल्यासारखे चालणे. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. जमू लागले की आधी दोन हातांऐवजी एका हाताने, मग फक्त बोटांनी ओट्याला धरायचे. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना विचारायचे.

यासोबत घराकडेही एकदा ज्येष्ठांच्या नजरेने पाहावे. न्हाणी आणि संडासात पकडायला दांडा, अंथरुणापासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, शेवाळलेल्या अंगणातील फरशीची घासून सफाई, उंबऱ्यावर ठळक रंगाची पट्टी आणि पायातून सुटणाऱ्या गुळगुळीत चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, तळ धरून ठेवणारी चप्पल. या सगळ्याला मिळून येणारा खर्च खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या जवळपासही जात नाही.

म्हातारपणी माणूस पडायचाच, असे आपण धरून चाललो आहोत. संशोधन सांगते की सत्तरी-ऐंशीतही तोल शिकवता येतो. तेव्हा उद्या सकाळी फिरून आल्यावर घरातील आजोबांना लगेच चहा पुढे करण्याआधी ओट्यापाशी उभे करून पाच मिनिटे टाचा उचलायला सांगावे आणि स्वतःही त्यांच्या शेजारी उभे राहून त्या उचलाव्यात.